पेशीतील आज्ञा आणि मामांची गोळी

तृतीय वर्ष, कला (मराठी)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पेशी, प्रथिने आणि विकर यांवर लेख लिहिलेला पाहून संपादक मंडळातील मित्रमैत्रिणींना नवल वाटले. "कथा दे, निदान एखादी कविता तरी दे," असा त्यांचा आग्रह होता. दहावीनंतर माझा विज्ञानाशी संबंध सुटला होता, हे खरे. तो पुन्हा जुळला आमच्या मामांमुळे. म्हणून आधी मामांविषयी चार शब्द सांगते आणि मग मुख्य विषयाकडे वळते.

मामांची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना फार थकवा येऊ लागला. डाव्या बरगडीखाली जड वाटे, दोन घास खाल्ले की पोट भरे. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशींची संख्या एक लाख ऐंशी हजार निघाली. निरोगी माणसात ती एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे चार ते अकरा हजार असते. रक्ताच्या कर्करोगाचा 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' नावाचा प्रकार असल्याचे निदान झाले. घरात रडारड झाली. पण डॉक्टरांनी इंजेक्शने नाहीत की शस्त्रक्रिया नाही, रोज एक गोळी लिहून दिली. काही महिन्यांत मामा पुन्हा गिरणीवर उभे राहिले.

पुढे गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ती गोळी कोणाला न सांगता बंद केली. "दुखत नाही, खुपत नाही, रिपोर्ट चांगला आहे. मग रोज विष कशाला पोटात घालायचे?" असा त्यांचा सवाल. दोन महिन्यांनी तपासणीत रोगाचे माप पुन्हा वर चढलेले दिसले. मामी मला म्हणाल्या, "तू कॉलेजात शिकतेस ना? मग तूच समजावून सांग बाई यांना."

हातात इंग्रजी कागद होता. मराठी हा माझा मुख्य विषय, पण त्या कागदातले एक वाक्यही मला मामांना मराठीत सांगता येईना. त्या दिवशी वाटलेली लाज हेच या लेखाचे खरे कारण. पुढचे दोन महिने मी जीवशास्त्राच्या सरांना भेटले, ग्रंथालयात बसले, आणि जे समजले ते इथे मांडते आहे.

१. आज्ञा म्हणजे काय?

आपल्या शरीरात अंदाजे तीस ते सदतीस लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशीला केव्हा वाढायचे, केव्हा हलायचे, केव्हा दुभंगायचे आणि केव्हा गप्प बसायचे हे कळावे लागते. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आवरणावर पोचतो. तिथून तो आत नेण्याचे काम मुख्यतः काही विकर करतात.

विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. अन्न पचवणारे विकर आपण शाळेत शिकलो. पण विकरांचा एक वर्ग असा आहे, की तो पचवत काहीच नाही, फक्त दुसऱ्या प्रथिनांना आज्ञा देतो. या वर्गातला सर्वांत मोठा गट 'कायनेज' नावाने ओळखला जातो.

कायनेजची रीत अगदी साधी आहे. पेशीत ऊर्जेचे चलन म्हणून 'ए.टी.पी.' नावाचा रेणू वापरला जातो. त्याला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. कायनेज त्यातला एक फॉस्फेट काढतो आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतो. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे त्या प्रथिनाची घडी बदलते आणि ते कामाला लागते, किंवा चालू असलेले काम थांबवते. तो फॉस्फेट काढून टाकणारे दुसरे विकर असतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने सोडायचे, असा हा मामला.

ही रीत १९५५ च्या सुमारास अमेरिकेत सिॲटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांच्या ध्यानात आली. स्नायूत साठवलेली साखर मोकळी करणारा एक विकर फॉस्फेट चिकटल्यावर कसा जागा होतो, एवढेच ते पाहत होते. हीच रीत पेशीच्या जवळजवळ प्रत्येक व्यवहारात आहे, हे पुढे उमगत गेले. १९९२ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००२ साली मानवी जनुकसंचाची छाननी झाली, तेव्हा माणसात ५१८ कायनेज मोजले गेले.

व्याकरणाच्या विद्यार्थिनीला इथे क्रियापदाच्या आज्ञार्थाची आठवण होते. 'चाल' हा धातू तोच, पण 'चालतो' म्हणजे माहिती आणि 'चाल!' म्हणजे हुकूम. प्रथिन तेच, फॉस्फेट लागला की त्याचा अर्थ बदलतो.

२. पेशीचा सांगाडा आणि तिची चाल

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. पेशीच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो. 'ॲक्टिन' नावाच्या प्रथिनाचे धागे सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. त्याहून जाड, पंचवीस नॅनोमीटरच्या पोकळ नळ्याही असतात. घराचे वासे एकदा बसवले की बसवले. पेशीचे वासे मात्र घटकेघटकेला मोडतात आणि नव्याने बांधले जातात. म्हणूनच तिला आकार बदलता येतो आणि चालताही येते.

हे वासे कुठे बांधायचे, हे ठरवणाऱ्या विकरांत 'ऱ्हो' घराण्याचा मोठा वाटा आहे. हे कायनेज नव्हेत, यांची जात निराळी. हे जी.टी.पी. नावाचा रेणू धरून ठेवतात. तो धरलेला असेपर्यंत ते जागे असतात. मग स्वतःच त्याचा एक फॉस्फेट तोडतात आणि झोपी जातात. म्हणजे बटणही तेच आणि वेळ मोजणारे घड्याळही तेच.

१९९२ साली लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी उपाशी ठेवलेल्या, निवांत पेशींत ही प्रथिने सुईने सोडून पाहिली. ऱ्हो सोडला, तेव्हा पेशीत ॲक्टिनचे जाड दोर ताणले गेले. त्याचा भाऊबंद 'रॅक' सोडला, तेव्हा पेशीच्या कडेला झालरीसारखी पातळ लाट उठली. पुढे १९९५ पर्यंत तिसऱ्याचे, 'सीडीसी-४२' चे, कामही कळले. तो पेशीच्या कडेतून बोटांसारखे बारीक कोंब काढतो.

या तिघांचे काम एकत्र ठेवले की चाल डोळ्यांपुढे येते. आधी बारीक बोटांनी पुढची वाट चाचपायची. मग झालर पुढे पसरून पाय रोवायचा. शेवटी मागचे दोर आवळून अंग पुढे ओढायचे. जखमेवर कातडी धरते ती अशीच, आणि रक्तातली पांढरी पेशी जंतूचा पाठलाग करते तीही अशीच. १९५० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड रॉजर्स यांनी अशा पाठलागाचे चित्रीकरण केले होते. सरांनी ते मला दाखवले. तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत पांढरी पेशी जंतूच्या मागे वळणे घेत जाते. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही. आहेत ती फक्त ही बटणे.

३. एकाच्या दोन

दुभंगणे हे पेशीच्या आयुष्यातले सर्वांत जोखमीचे काम. आधी गुणसूत्रांची बिनचूक नक्कल करायची, मग दोन्ही प्रतींची समान वाटणी करायची आणि मगच अंग दोन भागांत कापायचे. हा क्रम चुकला तर दोन्ही मुली पेशी बिघडतात.

या क्रमाचा नियंत्रक शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी साधेच जीव निवडले. लेलँड हार्टवेल यांनी पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टचा अभ्यास केला. पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका यीस्टमध्ये या कामाचा मुख्य जनुक हेरला, आणि १९८७ साली त्यांच्या प्रयोगशाळेने माणसातला तसाच जनुक शोधून काढला. यीस्टचा स्वतःचा जनुक बिघडलेला असताना माणसाच्या जनुकावर त्याचे काम भागले! यीस्टच्या आणि आपल्या पूर्वजांची ताटातूट होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षे झाली असतील, तरी हे बटण बदललेले नाही.

ते बटणही एक कायनेजच आहे. पण तो एकटा काम करीत नाही, त्याला जोडीदार लागतो. तो जोडीदार टिम हंट यांना १९८२ साली समुद्रातल्या काटेरी अर्चिनच्या अंड्यांत सापडला. एक प्रथिन हळूहळू साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसे होई. या चक्रावरून त्याला 'सायक्लिन' नाव मिळाले. सायक्लिन साठला की कायनेज जागा होतो. तो केंद्रकाच्या आवरणाला आधार देणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतो आणि आवरण विरघळते. पोकळ नळ्यांची चाती तयार होऊन गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. मग सायक्लिन नष्ट होतो आणि कायनेज शांत होतो. शेवटी आपला मघाचा ऱ्हो पुन्हा येतो. तो पेशीच्या कमरेभोवती ॲक्टिनचे कडे घालतो, ते कडे आवळले जाते आणि एकाच्या दोन पेशी होतात. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर वाचले, तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. या साऱ्या व्यवस्थेत आज्ञा देण्याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच आज्ञा मागे घेण्यालाही आहे. सायक्लिन नाहीसा व्हावा लागतो, ऱ्होने झोपी जावे लागते, फॉस्फेट निघावा लागतो. आणि मामांच्या रक्तात नेमके हेच बिघडले होते.

४. न थांबणारी आज्ञा

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' हे नाव पडले. पण तुटलेला तुकडा गेला कुठे? याचे उत्तर शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ साली दिले. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत, आणि आई कागदी बाहुल्या खेळते आहे अशी मुले थट्टा करीत. जुळवता जुळवता त्यांना दिसले, की तुकडा हरवलेला नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे.

या अदलाबदलीत नवव्या गुणसूत्रावरचा 'एबीएल' हा जनुक बाविसाव्यावरच्या 'बीसीआर' जनुकाला जाऊन चिकटतो. एबीएल हा कायनेज. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावणे हे त्याचे काम. टायरोसिनवर असा फॉस्फेट लागतो हेच मुळी १९७९ साली टोनी हंटर यांना कळले, आणि तेही एका जुन्या द्रावणामुळे! वापरून वापरून त्या द्रावणाची आम्लता बदलली होती, म्हणून एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. ताजे द्रावण घेतले असते तर ते दिसले नसते.

निरोगी पेशीत एबीएल ॲक्टिनच्या सांगाड्याची मांडणी बदलण्यात आणि बाहेरच्या निरोपांना उत्तर देण्यात भाग घेतो. काम नसेल तेव्हा तो स्वतःभोवती घडी घालून बंद राहतो. बीसीआरला चिकटल्यावर ही घडी टिकत नाही. जोडरेणू एकमेकांना बिलगतात, एकमेकांवर फॉस्फेट लावतात आणि कायमचे जागे राहतात. 'वाढ, दुभंग!' हा हुकूम कोणी न देताच चालू राहतो. सांगाड्याची आणि चालीची शिस्तही बिघडते. अस्थिमज्जेला धरून राहण्याची पेशींची पकड सैल होते आणि त्या वेळेआधीच रक्तात उतरतात. घडण, चाल आणि विभाजन ही तिन्ही कामे एका बटणाच्या बिघाडाने बिघडतात.

५. खाचेतली पाचर

रोगाचे मूळ एका विकरात आहे, तर तो एकच विकर बंद पाडता येईल का? पुष्कळ शास्त्रज्ञांना हे अशक्य वाटे. पाचशेहून अधिक कायनेज, आणि सगळ्यांची ए.टी.पी. धरण्याची खाच जवळपास सारखी. एकाला बंद करताना बाकीचेही बंद पडले तर माणूस जगेल कसा? तरी स्वित्झर्लंडमध्ये निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एबीएलच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू घडवला. अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रकर यांनी तो या रोगाच्या पेशींवर तपासला आणि १९९८ च्या जूनमध्ये रुग्णांना देण्यास आरंभ केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. औषधाचे नाव इमॅटिनिब. मामा घेतात ती गोळी हीच.

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मिळावे, म्हणून नोव्हार्टिस कंपनीने अर्ज केला होता. तो २००६ साली फेटाळला गेला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाने गुण वाढत नसेल तर त्यावर पेटंट देऊ नये, असे आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी त्याच आधारे कंपनीचे अपील फेटाळले. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा सुमारे ८ ते १० हजार, असे आकडे त्या वेळी वृत्तपत्रांत येत. कंपनी पुष्कळ रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही नमूद केले पाहिजे. पण पिठाच्या गिरणीवर घर चालवणाऱ्या माणसाला ही गोळी स्वतःच्या पैशाने घेता येते, याला तो निकालही एक कारण आहे.

६. गिरणीतला धडा

एवढी शिदोरी घेऊन मी सुट्टीत मामांकडे गेले. आधी मी पाठ केल्यासारखे बोलू लागले. मामांनी पट्ट्याचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "कायनेज-बियनेज राहू दे. गिरणीत काय बिघडले ते सांग."

मी म्हटले, "मामा, तुमच्या गिरणीचे बटण अडकले आहे. दाणे असोत नसोत, ती रात्रंदिवस चालूच आहे. आणि बटण काढून दुरुस्त करता येत नाही."

"मग प्लग काढायचा," मामा म्हणाले.

"तेच केले आहे. प्लग ज्या खाचेत बसतो, तिथे डॉक्टरांनी लाकडाची पाचर मारली आहे. गिरणी बंद झाली. पण बटण अजून अडकलेलेच आहे."

मामा थोडा वेळ जात्याच्या दगडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गोळी ही पाचर."

"हो. आणि ही पाचर विरघळते. साधारण अठरा तासांत रक्तातली निम्मी संपते. म्हणून रोज नवी मारायची. रिपोर्ट चांगला आला म्हणजे गिरणी बंद आहे, एवढेच कळते. बटण सुटले असे नाही."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो माझ्याही मनात आला नव्हता. "आणि मी कधी घेतली, कधी नाही घेतली तर?" मी सरांकडून ऐकलेले सांगितले. काही वेळा खाचेचा आकारच बदलतो. एबीएलमधले ३१५ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी इमॅटिनिब तिथे बसत नाही. गोळी अधूनमधून घेतली तर रोगट पेशी वाढत राहतात, आणि त्यांत अशी बदललेली पेशी निघण्याला वाव मिळतो. नव्या खाचांसाठी नवी औषधे निघाली आहेत, पण ती वेळ आपणहून का ओढवून घ्यायची?

मामांना खोटी गोष्ट सांगायची नाही, असे मी ठरवले होते. म्हणून हेही सांगितले, की ज्यांचा रोग कित्येक वर्षे जवळजवळ सापडेनासा झालेला असतो, अशा निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर कधी कधी थांबवून पाहतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती पुन्हा लागत नाही. पण दर महिन्याला रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्या मनाने नव्हे.

"हे आधी कोणी सांगितले असते तर!" मामा म्हणाले. त्यात राग नव्हता. गोळी घ्या, असे त्यांना पुष्कळांनी बजावले होते. का घ्यायची, ते त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते. आणि मामा हे का कळल्याशिवाय ऐकणारे नव्हेत. आपल्यातले पुष्कळ जण नसतात.

आता गिरणीच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री जेवणानंतर एक फुली पडते. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत रोगाचे माप खाली आले आहे. ते आणखी किती उतरेल, हे पुढच्या तपासण्या सांगतील.

वाचकहो, मी शास्त्रज्ञ नाही आणि होणारही नाही. पण मराठीचा विद्यार्थी म्हणून एक कर्तव्य मला यातून कळले. जे ज्ञान आपल्या माणसाच्या रक्तात काम करते आहे, ते त्याला त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. शब्द नसतील तर शोधावेत, सापडले नाहीत तर गिरणीतले, चुलीपुढचे, शेतातले वापरावेत. माझ्या लेखात शास्त्राच्या दृष्टीने काही उणे राहिले असेल, तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी आणि प्राध्यापकांनी ते जरूर दाखवून द्यावे. पुढच्या अंकात दुरुस्ती करीन, आणि मामांनाही कळवीन.